रोज एक ठसा वळखायचा

"कुत्र्यामांजराचं पाय बघत हिंडतंय येडं, रोज पहाटं," असं आई शेजारच्या काकींना सांगत होती आणि मी मोरीत पाय धुता धुता ऐकत होतो. खोटं काहीच नव्हतं त्यात. तीन आठवडे मी खरंच आमच्या पाणंदीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, वाकून कुत्र्यामांजरांचे पाय बघत होतो, वहीत लिहीत होतो, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढत होतो. दुधाचे कॅन घेऊन जाणारे गाडी थांबवून विचारायचे, काय हरवलंय काय? पहिले दोन दिवस मी खरं सांगितलं. नंतर सरळ "किल्ली" म्हणायला लागलो.

तर झालं असं, माझा मेहुणा साताऱ्याला असतो, त्याला जंगलाचं वेड नवीनच लागलंय. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली त्या बातम्या यायला लागल्यापासून तर दर दोन दिवसाला फोन, दाजी आपल्या इतक्या जवळ वाघ आणि आपण घरात बसलोय. मी म्हटलं जाऊ, पण जीपमधनं नको, ते एकदा झालंय, दोन गवे लांबनं बघितले आणि धूळ खाऊन परत आलो. जायचं तर पायी, माग काढणारा माणूस बरोबर घेऊन. आता कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, असं पायी हिंडता येत नाही आणि ते बरोबरच आहे, आम्हाला मिळाली ती वाट बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, वनखात्याची परवानगी काढून आणि गावातलाच गाईड घेऊन. परवानगीचे कागद अर्थात माझ्या गळ्यात, कारण गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि पाव्हण्यांच्यात अशा माणसाला सुट्टी नसते. मेहुण्याच्या आधारवरचा फोटो कुणाच्याही बापाला ओळखू येणार नाही असा आहे, पण चाललं ते.

चांदोली आम्हाला तशी लांबची गोष्ट नाही. आमचा ऊस ज्या वारणेच्या पाण्यावर आहे ती वारणा तिकडं पाथरपुंजच्या डोंगरातनंच निघते, चांदोलीच्या धरणात अडते, मग आमच्या बांधावरनं जाऊन सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. १९८५ ला तिथं अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटरचं, आणि २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आतली गावं उठून खाली आली, आमच्या भागात त्यांच्या वसाहती आहेत. माझ्या वर्गात तिकडची दोन पोरं होती, अस्वल बघितलंय, रानकुत्र्यांनी सांबर पाडलेलं बघितलंय असलं काय काय सांगायची आणि आम्ही त्यांना थापाडे म्हणायचो. आता वाईट वाटतं.

गाईडचा नंबर मिळाला. वयस्कर माणूस, सगळे तात्या म्हणतात म्हणून मीही तात्याच म्हणायला लागलो. मी फोनवर यादी घेऊन बसलेलो, बूट कसले, दुर्बीण किती पॉवरची, पाणी किती लिटर. त्यांनी यादी ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं पाणंद हाय का?"

म्हटलं आहे की, घराच्या मागनंच जाते ओढ्यापर्यंत.

"मग झालं. रोज सकाळी जावा अन् एक ठसा वळखा. एकच. पर नीट. तीन आठवडं हाईत, तुमचं एकवीस ठसं हुतील. न्हाईतर आत येऊन मी बोट दावणार अन् तुमी मान हलवणार, त्यात काय मजा हाय?"

बुटाचं विचारलं तर म्हणाले, जुनं.

पहिल्या दिवशी मी सहाला गेलो आणि मला काहीच दिसलं नाही. म्हणजे दिसलं सगळंच, ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी, बैलगाडीची चाकोरी, चपला, म्हशी, आणि या सगळ्यावर कुत्री नाचून गेलेली. उसाच्या तोडी चालू होत्या त्यामुळं पाणंदीत पिठासारखा फुफाटा. मी दहा मिनिटं बघितलं आणि वहीत लिहिलं, "कुत्रा". घरी येऊन चहा पिताना लक्षात आलं की मी ठसा बघितलाच नव्हता, पाणंदीत कुत्री असतात हे मला आधीच माहीत होतं म्हणून लिहिलं. तात्यांना सांगितलं तर हसले, म्हणाले हेच म्हैनाभर चालतंय लोकांचं.

मग एक युक्ती सांगितली. सूर्य आणि तुम्ही यांच्या मधे ठसा ठेवायचा. म्हणजे उन्हाकडं तोंड करून बघायचं, सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा. आपण नेहमी उन्हाला पाठ करून बघतो कारण डोळ्याला बरं वाटतं, पण मग ठसा सपाट दिसतो, नुसता डाग. पलीकडनं बघितलं की कडांच्या सावल्या पडतात आणि तोच डाग एकदम खोल होतो. मी ते केलं आणि खरंच सांगतो, जिथं काही नव्हतं तिथं एका ओळीत सात पावलं उठली. दुपारी बाराला तीच जागा बघितली तर परत कोरी. आता काळोख असेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरायची, वरनं मारायची नाही, तत्त्व तेच.

कुत्रं आणि मांजर. यावर माझे आठ दिवस गेले आणि मला त्याचं काही वाटत नाही. नखं उमटली तर कुत्र्याच्या जातीचं, नाही उमटली तर मांजराच्या, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, कारण मांजर नखं आत ओढून चालतं. पण फुफाट्यात कुत्र्याची नखंही कधी कधी उमटत नाहीत आणि चिखलात घसरलेलं मांजर नखं काढतं. मग बाकीचं बघावं लागतं. कुत्र्याच्या ठशात पुढची दोन बोटं एका रेषेत असतात, डावा उजवा सारखाच, आणि बोटं आणि गादी, म्हणजे तळव्याचा मऊ भाग, यांच्या मधनं फुलीची खूण सरळ काढता येते. मांजराचं तसं नसतं, गादी मोठी, बोटं तिच्याभोवती गोल आणि त्यातलं एक बोट जरासं पुढं, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं. त्यावरनं पाय डावा की उजवा तेही कळतं. आणि गादीच्या मागच्या कडेला मांजराला तीन फुगवटे असतात. आमच्या घरचं बोकं न्हाणीघरातनं ओल्या पायांनी शहाबादीवरनं चालत गेलं त्या दिवशी मी गुडघ्यावर बसून ते तीन फुगवटे बघितले, आणि बायको हातात कुकर घेऊन माझ्याकडं बघत उभी. वाघाचंही हेच असतं, फक्त मोठं. ती म्हणाली बरं झालं सांगितलंत.

पाचव्या दिवशी मात्र एक ठसा लागला तो मला कशातच बसवता येईना. पाणंद ओढ्याकडं वळते तिथं, कडेकडेनं गेलेला. चार बोटं, नखं नाहीत, आमच्या बोक्याच्या मानानं बराच मोठा. फोटो काढून तात्यांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, केवढा हाय? म्हटलं मोठा आहे. "मोठा म्हंजे? वाडग्याएवढा का वाटीएवढा? आवो बाजूला कायतरी ठेवायचं असतंय, नाणं ठेवा, काडेपेटी ठेवा." मी खिशात बघितलं तर फक्त मोबाइल. घरी पळत गेलो, देवघरातनं काडेपेटी घेतली, परत आलो तोपर्यंत उसाच्या दोन ट्रॉल्या त्याच्यावरनं गेलेल्या. इतका राग आला. ट्रॅक्टरवाल्यानं वर हात करून विचारलं, किल्ली घावली का?

तेव्हापासून काडेपेटी खिशातच. फूटपट्टीनं मोजली, लांबी पाच सेंटिमीटर. माझ्या वहीत मग सगळी मापं काडेपेटीतच आहेत. गावठी कुत्रं एक काडेपेटी, बोकं अर्ध्याच्या आसपास, पाटलांचा जर्मन शेफर्ड एक आणि वर थोडं.

ठसा कधीचा ते कसं ओळखायचं हे मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात थोडं गणित आहे आणि थोडी चहाडी. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडं दव भरपूर पडतं. दवानं फुफाट्यावर एक बारीक पापुद्रा धरतो, त्यावर देवीच्या व्रणासारखे बारके खड्डे. ठशाच्या आतही ते खड्डे असतील तर जनावर दव पडायच्या आधी, म्हणजे रात्री कधीतरी गेलं. पापुद्रा फोडून ठसा उमटला असेल, आत कोरडी धूळ दिसत असेल, तर पहाटेनंतर. ठशावरनं मुंग्यांची रांग गेलीय का, वाऱ्यानं कडा ढासळल्यात का, आडवं पडलेलं पान ठशाच्या खाली आहे की वर, हे सगळं बघायचं. मी तर स्वतःच एक ठसा उमटवून, म्हणजे अंगठा दाबून, दर दोन तासांनी दुकान सोडून बघायला जायचो. गिऱ्हाईक थांबलेलं असायचं, पॅन कार्डाचा फॉर्म घेऊन.

तेराव्या दिवशी परत तो आला. यावेळी ओढ्याच्या कडेच्या ओल्या गाळात, इतका स्वच्छ की कुणीतरी शिक्का मारल्यासारखा. काडेपेटी ठेवली, दीड भरली. तीन फुगवटे. एक बोट पुढं. चार पावलं लागोपाठ, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडत गेलेला. फोटो पाठवला. यावेळी तात्यांनी लगेच फोन केला नाही, पाच मिनिटांनी केला.

"बिबट्या हाय. मादी असावी, अंदाज हां. तुमी रोज किती वाजता जाताय तिकडं?"

म्हटलं आता लवकर जातोय, साडेपाचला.

जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

"साताला जावा."

आता बिबट्या उसात असतो ही काही आमच्याकडं नवीन बातमी नाही. शिराळा, कराड, वाळवा, सगळीकडं तेच, तोड करताना फडात पिल्लं सापडतात, मग वनखात्याचे लोक ती पिल्लं क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. हे मी शंभर वेळा पेपरात वाचलंय. पण मी मोबाइलच्या उजेडात वाकून, चक्क वाकून, जिथं फिरत होतो तिथनंच ती जातेय हे कळल्यावर पोटात गोळा आला. वाकायचं नाही, बसायचं नाही, उभं माणूस त्याला मोठं वाटतं, वाकलेलं वासराएवढं वाटतं, हे तात्यांनी नंतर सांगितलं. एकटं जायचं नाही, मोबाइलवर गाणी लावून जावा पाहिजे तर. आईला मी सांगितलं नव्हतं पण बायकोनं सांगितलं. मग दोन दिवस घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. पुढचे ठसे मी ऊन वर आल्यावर, भाचीला आणि काठीला बरोबर घेऊन बघितले.

भाची अकरावीला आहे, ती पण आमच्याबरोबर येणार होती. तिनं तर विष्ठेचा विषयच हातात घेतला. तात्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचे आणि ही उत्तरं द्यायची. गव्याचं शेण म्हशीसारखंच, फक्त रानात पडलेलं. सांबर, भेकर यांच्या लेंड्या, शेळीच्या बघितल्या असतील तर अंदाज येतो, भेकराच्या बारक्या. बिबट्याच्या विष्ठेत केस असतात आणि टोकाला पीळ पडलेला असतो. अस्वलाचं हंगामावर असतं, कधी नुसत्या बिया, कधी किड्यांची टरफलं. उदमांजर दगडावर, उंचवट्यावर करून ठेवतं, तेही बियांनी भरलेलं. आणि रानकुत्री, ज्यांना आपल्याकडं कोळसुंदे म्हणतात, ती वाटा एकमेकीला मिळतात तिथं सगळी मिळून एकाच जागी करतात, गावातल्या पेपरच्या फळ्यासारखं, कोण आलं कोण गेलं कळायला. हे सगळे फोटो माझ्या फोनमध्ये. दुकानात एका मावशीला पासपोर्ट फोटो प्रिंट करून द्यायला गॅलरी उघडली आणि स्क्रीनवर एकापाठोपाठ एक नुसतं शेण, लेंड्या, शेण. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त पदर नाकाला लावला. फोटोला वास थोडाच येतोय.

बरं, ठशांवरनं आठवलं. पूर्वी आपल्या देशात वाघ मोजायचे ते याच ठशांवरनं. ओडिशाचे सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये ती पद्धत बसवली, ठशावर काच ठेवून आकार गिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घ्यायचा आणि प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा. अनेक वर्षं चाललं. मग २००४-०५ च्या सुमाराला राजस्थानात सरिस्कामध्ये कागदावर वाघ आणि जंगलात एकही नाही असं उघड झालं आणि त्यानंतर कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जंगलात लावलेल्या, जनावर समोरनं गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर, मोजणी सुरू झाली. अंगावरच्या पट्ट्यांवरनं वाघ ओळखतात आता, प्रत्येकाचे वेगळे असतात. मला विचाराल तर दोष ठशाचा नव्हता, बघणाऱ्याचा होता. माझ्या पहिल्या दिवसाची वही काढली तर तिच्यातही नुसतं "कुत्रा" लिहिलंयच की.

जायच्या आधीच्या रविवारी मेहुणा सॅक घेऊन आला. काय काय होतं त्यात. मिलिटरी छापाचं जॅकेट, नवेकोरे बूट, दोन बॅटऱ्या, एक चाकू, बॉडी स्प्रे, वेफर्सची सहा पाकिटं, आणि एक शिट्टी. तात्यांनी फोनवर सांगितलेली परीक्षा मी त्याला लावली. रात्री सगळे झोपल्यावर जॅकेट आणि बूट घालून माजघरातनं स्वयंपाकघरात जायचं आणि यायचं, आईला जाग आली तर सामान नापास. तो निघाला. खस्स खस्स खस्स. तिसऱ्या पावलाला आतनं आवाज, "कोण हाय रं?" ते जॅकेट नायलॉनचं, बाही अंगाला घासली तरी वाजायचं. खिशांना चिकटपट्टीवाली बंदं, ती उघडली की कापड फाडल्यासारखा आवाज. शेवटी त्यानं माझा जुना सुती शर्ट घातला, मेहंदी कलरचा, आणि वडिलांचा स्वेटर. वडील असते तर खूश झाले असते.

नव्या बुटाचं मी पण बोलू नये. माझेही ऑनलाइन मागवलेले होते, सातव्या दिवशी पाणंदीतच उजव्या पायाचं सोल जिभेसारखं लोंबायला लागलं. परत पाठवायची मुदत तोवर संपली होती. मग माझे जुने बूटच गावात शिवून घेतले आणि तेच घातले. मेहुण्याला सांगितलं, आठ दिवस आहेत, हे बूट घालून ऑफिसला जा. गेला नाही. टाचेला फोड आलाच.

स्प्रेचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. तिकडं कड्यांना, मोठ्या झाडांना आग्या मोहोळ असतात आणि वासाला आणि धुराला ते उठतात. किल्ल्यांवर ट्रेकला गेलेल्या पोरांवर मोहोळ उठल्याच्या बातम्या आपल्याकडं दरवर्षी येतात. सेंट नाही, वासाचं तेल नाही, साबणसुद्धा जायच्या दिवशी नको, गडद काळे कपडे नकोत. उठलंच मोहोळ तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड झाकून पळत सुटायचं. बाकी जनावराच्या नाकाचा प्रश्न वेगळाच. तात्या चिमूटभर राख पुडीत ठेवतात आणि मधेमधे सोडून बघतात, वारं कुठनं कुठं जातंय. वारं आपल्याकडनं जनावराकडं असलं तर कितीही गुपचूप चाला, उपयोग नाही. मी घरी उदबत्तीच्या राखेवर सराव केला, आईनं त्यावरही टीका केली.

पूर्ण बाह्या कशाला तर खाजकुयलीला. लहानपणी ज्यानं ती अनुभवलीय त्याला सांगायला नको, शेंगांवरची ती लव वाऱ्यानंसुद्धा अंगावर येते. पँट मोज्यात खोचायची ते गोचिडांसाठी, आणि घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागं बघायचं. सापांचं शिराळ्याकडच्या माणसाला काय सांगायचं, पण एक गोष्ट मला नवीन होती. आपल्या दवाखान्यातली लस ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची असते. तिकडच्या झाडाझुडपात चापडा असतो, पानाच्या रंगाचा, हलत नाही, त्याच्यावर ती चालत नाही. म्हणून फांदी धरून चढायचं नाही, आधी बघायचं. कोणताही चावला तरी कापाकापी, आवळून बांधणं काही नको, हलवाहलव न करता सरळ दवाखाना.

आणि कान. हे राहिलंच होतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबर शिंग वाजवल्यासारखं एकदाच मोठ्यानं ओरडतं, माकडं खाकरतात, यावरनं शिकारी जनावर कुठनं चाललंय ते कळतं. मोबाइलवर आवाज ऐकायचे ते घरी, आत गेल्यावर वाजवायचे नाहीत, हे तात्यांनी तीनदा बजावलं. पण सराव घरी होतो यावर माझा विश्वास नव्हता, एका दुपारपर्यंत. दुकानात बसलो होतो, मागं उकिरड्यावर साळुंक्यांनी कालवा सुरू केला. रोजचा नव्हे, चिडका, खरखरीत, आणि सगळ्या एकाच जागेकडं माना करून. पूर्वी मी ढुंकून बघितलं नसतं. उठून गेलो तर कडब्याच्या गंजीखालनं धामण निघालेली, चांगली सहा फुटी, आणि साळुंक्या तिच्या डोक्यावरनं पुढं पुढं सरकत ओरडत होत्या. म्हणजे आवाज सरकत होता तशी धामण सरकत होती, मला धामण दिसायची बंद झाली तरी कुठं आहे ते कळत होतं. उभ्या उभ्या अंगावर काटा आला. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, आता या.

डबा बायकोनं आणि आईनं मिळून केला. वेफर्स नापास कारण पाकीट वाजतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कापडात बांधून. पाणी माणशी तीन लिटर. फेब्रुवारीत सकाळी थंडी वाजते आणि अकरानंतर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, तवा होतो, तो काळा दगड उन्हानं असा तापतो की बूट असूनही कळतं. आदल्या रात्री मी उगाचच आधारच्या झेरॉक्स सात काढल्या. धंद्याची सवय.

पहाटे पेठ नाक्यावरनं वळलो, शिराळा, कोकरूड, चरण, आरळा असं करत उजाडायच्या आत तात्यांच्या गावात. प्रत्यक्षात तात्या माझ्या खांद्याला लागतील एवढे, पायात टायरच्या चपला, डोक्याला टॉवेल. मी इतके दिवस बुटांवर डोकं खाल्लं त्याचं काय. चहा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मेहुण्याला स्पष्ट विचारलं, "वाघ बघायला आलाय?" मेहुणा म्हणाला, दिसला तर. "दिसणार न्हाई. मला जन्मात घावला न्हाई डोळ्याला. २०१८ ला कॅमेऱ्यात घावला तवा सायबानी फोटो दावला, तेवढाच. पर तो हिथनं गेला का न्हाई, कवा गेला, पाणी प्याला का, हे बघू." मेहुण्याचं तोंड जरा उतरलं. भाचीचं नाही.

मग गव्याचं सांगितलं, समोर आला तर गप उभं राहायचं, त्याला वाट द्यायची, फोटोसाठी पुढं जायचं नाही. २०२१ ला सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता तो आठवत असेल, तो घाबरलेला होता. इथं तो मालक असतो. अस्वल त्याहून वाईट, अचानक पुढ्यात गेलात तर पळायची संधी देत नाही, म्हणून कारवीच्या दाट वळणावर तात्या जिभेनं टक टक असा आवाज करतात, बाकी सगळा वेळ गप्प.

आणि शेवटी झडती. खरंच झडती, एसटीत चेकर आल्यासारखी. मेहुण्याचा चाकू जीपमध्ये राहिला, शिट्टी राहिली, भाचीचं वाजणारं कडं राहिलं, किल्ल्यांचा जुडगा राहिला. मी निर्धास्त होतो, माझ्याकडं काही नव्हतंच. खिशात हात घालून तात्यांनी काडेपेटी काढली.

"ही आत चालत न्हाई."

मी म्हटलं तात्या, तुम्हीच सांगितलेली, माझी सगळी मापं हिच्यात आहेत, वही दाखवली, बिबट्या दीड काडेपेटी, बोकं अर्धी. त्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली, सगळी पानं, सावकाश. बिबट्याच्या पानावर बोट ठेवून थांबले. फेब्रुवारीत गवत वाळलेलं, एक काडी पडली तर डोंगर जातो, नियम तो नियम. मग त्यांनी पेटी उघडली, सगळ्या काड्या मोजून आपल्या बायकोच्या हातात चुलीसाठी दिल्या, आणि रिकामी पेटी माझ्या खिशात परत ठेवून वर गुंडी लावली.